मॅडम, ताई, मावशी

नोकरी संपली तरी पहाटेची सवय सुटलेली नाही. रोह्याचं आमचं घर स्टेशनापासून जवळ आहे. दिवा जंक्शनकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीचा भोंगा झाला की मी आजही मिटल्या डोळ्यांनी उशाशी पर्स चाचपते. मग ध्यानात येतं, आता कुठं जायचं नाही. मग तशीच पडून राहते आणि गाडीत बसल्यासारखी एकेक स्टेशन मागं टाकते. निडी, नागोठणे, कासू. पेण यायच्या आत पुन्हा डोळा लागतो आणि त्या अर्धवट झोपेत मुलं येतात. नावं बहुतेकांची विसरले. कोणी काय फोडलं ते मात्र पक्कं आठवतं. हा दोन ब्युरेटवाला, ही थर्मामीटरवाली, आणि तो उंच मुलगा, ज्यानं काहीच फोडलं नाही पण सिंकमध्ये स्वतःचा मोबाइल धुऊन काढला.

पेणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते. हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. लग्नघरात पंगत उठली की लोक वाढणाऱ्यांचं कौतुक करतात, चुलीपाशी कोण होतं ते कोणी विचारत नाही, तसं समजा. शिक्षक घंटा झाल्यावर यायचे. त्याआधी मी द्रावणं करून ठेवलेली असायची, बाटल्या भरलेल्या, काचेची भांडी धुऊन पालथी घातलेली. मुलं आली की ज्याची त्याची भांडी हातात द्यायची आणि दोन तास नजर सगळीकडे ठेवायची. कोण ॲसिडच्या बाटलीवर ओणवा झालाय, कोणाची ओढणी बर्नरकडे निघालीय, कोणाचं डोकं रात्रीच्या जागरणानं टेबलाला टेकतंय.

या नोकरीत एक गंमत मला फार उशिरा उमगली. पोरं पहिल्या वर्षी मला ‘मॅडम’ म्हणत. घाबरलेली असत, पांढरा कोट घातलेला प्रत्येक माणूस त्यांना मॅडम किंवा सर वाटे. दुसऱ्या वर्षी मी ‘ताई’ व्हायची. तेव्हा त्यांना कळलेलं असायचं की मार्क माझ्या हातात नाहीत, पण फुटलेल्या पिपेटबद्दल गप्प राहणं माझ्या हातात आहे. तिसऱ्या वर्षी, साधारण दिवाळीनंतर, कधीतरी पहिल्यांदा ‘मावशी’ ऐकू येई. एकानं म्हटलं की सगळे म्हणू लागत. वय माझं तेवढंच, वर्षं त्यांची बदललेली. आणि कॉलेज सुटल्यावर कुणी नागोठण्याच्या फलाटावर बायकोबरोबर भेटला की पुन्हा मी मॅडम.

माझी आणखी एक सवय होती. पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाच्या हातात ब्युरेट देताना विचारायचं, ‘शिकून काय करणार रे? काय करणार गो?’ कोणी सांगितलं नव्हतं मला हे विचारायला. पहिल्या वर्षी उत्तर तयार असे आणि ते नेहमी दुसऱ्या कुणाचं असे. मामा बोलले, शेजारचा दादा बोलला, आई बोलते. दुसऱ्या वर्षी मी विचारतच नसे, कारण त्या वर्षी त्यांना स्वतःखेरीज काही दिसत नाही. केसांना काय लावायचं, कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं, कोणाच्या मोटारसायकलवरून कोण गेलं, यातच ते वर्ष जातं. त्याला माझी हरकत नव्हती. आपणही त्या वयात असेच होतो, फक्त मोटारसायकल नव्हती. तिसऱ्या वर्षी मात्र पुन्हा विचारायचे, आणि ते पोपटीला.

पोपटी आमच्या रायगडाबाहेर फारशी माहीत नाही. भात कापल्यावर शेतात वाल पेरतात. थंडीत त्याच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. तिसऱ्या वर्षाची मुलं दर जानेवारीत गागोदे बुद्रुकच्या एका शेतात पोपटी लावत आणि मला न्यायला यायची.

हे शेत ज्याचं, तोही आमच्याच कॉलेजचा. पहिल्या वर्षी ‘शास्त्रज्ञ होणार’ म्हणाला होता आणि दुसऱ्याच आठवड्यात पिशवीतून शेतातली माती घेऊन आला. यात काय काय आहे ते काढून द्या म्हणाला. मी म्हटलं, बाबा, आधी ब्युरेट धरायला शीक. दुसऱ्या वर्षी तो माती विसरला, शास्त्रज्ञ विसरला, क्रिकेटची टीम काढली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी पुन्हा पिशवी घेऊन दारात उभा. ‘मावशी, आता धरता येते ब्युरेट,’ म्हणाला. सरांनी त्याला माती तपासायची रीत दाखवली. तो शास्त्रज्ञ झाला नाही. भात आणि वाल लावतो, माती स्वतः तपासतो, आणि आजूबाजूचे शेतकरीही आपापल्या पिशव्या त्याच्या ओट्यावर आणून ठेवतात. दर थंडीत माझ्याकडे शेंगा पाठवतो.

अशी खूप आहेत. खाडीकडच्या एका मुलीनं आईबाप मिठागरावर काम करतात हे वर्षभर लपवलं. तिसऱ्या वर्षी वर्गातल्या कुणाच्या बशीत द्रावणाचे स्फटिक, म्हणजे खडे, धरेनात, तर हीच मोठ्यानं म्हणाली, ‘ढवलू नको गो सारखं. आमच्या बांधावर माझी आय कधी ढवलते काय? ठेव गपचूप.’ सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसानंतर तिनं काही लपवलं नाही.

पण पहाटे गाडी कासूच्या पुढं आली की बहुतेक वेळा सुजितच येतो.

सुजित हमरापूरकडचा. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा, आणि कंपनी म्हटलं की ती रोह्याकडची. सुजितच्या घरी कारखाना होता, म्हणजे अंगणात घातलेली एक लांब शेड आणि तिच्यात वर्षभर मूर्ती. पहिल्या प्रॅक्टिकलला मी विचारलं, काय करणार रे? ‘कंपनी,’ तो म्हणाला. पुढं काहीच नाही. कुठली कंपनी, कसलं काम, काही नाही. रोह्याच्या कंपनीच्या बसमधून गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं उतरताना त्यानं लहानपणी पाहिली होती, आणि वडिलांनी बोट दाखवून सांगितलं होतं, तुला तसं व्हायचंय.

हात इतका स्थिर मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. टायट्रेशन म्हणजे, सोपं सांगायचं तर, चंबूत ॲसिड घ्यायचं, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, दुसरं द्रावण थेंबथेंब सोडायचं. एका थेंबाला चंबूतलं पाणी फिकट गुलाबी होतं आणि ती गुलाबी टिकते. तो शेवट. तिथं थांबायचं. एक थेंब जास्त झाला तर गुलाबाचं सरबत होतं, आणि पहिलं वर्ष बहुतेक सगळे सरबतच करतात. सुजित श्वास धरून नळीची तोटी फिरवी. थेंब अर्धा सुद्धा करू शके. तरी त्याचं उत्तर कधी अगदी बरोबर येई, कधी पार चुकलेलं.

त्याच्या शेजारच्या जागेवर निडीची रेश्मा उभी राहायची. बारीक, बडबडी. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली होती, ‘काय करणार ते नाय माहीत मॅडम, पण कॉलेज हाय म्हणून रोज गाडीत बसायला मिळतं.’ तिला खोकला फार. सरांनी दोनदा तिला घरी पाठवलं होतं.

दुसऱ्या वर्षी एक दिवस माझी गाडी गेल्यावर रेल्वेचं काही काम निघालं आणि मागची, रेश्माची गाडी आलीच नाही. त्या दिवशी सुजितच्या चंबूत सरबत झालं तरी तो थेंब सोडतच होता. मी जवळ गेले. ‘अरे, कधीच झालं.’ त्यानं चंबूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ‘झालं व्हय?’

मी दोन चंबू त्याच्यापुढं ठेवले. एकात साधं पाणी, एकात फिकट गुलाबी. यातलं कुठलं झालंय? त्यानं दोन्ही उचलून उजेडाकडे धरले.

‘दोन्ही पाणीच हाय ना ताई,’ तो म्हणाला.

रेश्माचा खोकला तेव्हा मला कळला. त्याच्या चंबूत गुलाबी आली की ती खोकायची.

सगळे गेल्यावर तो स्टुलावर बसून बोलला. लहानपणी शेडमध्ये वडिलांनी त्याला मूर्तीचा शेला रंगवायला दिला होता. लाल सांगितला, यानं हिरवा दिला. दोन्ही वाट्या त्याला सारख्याच. सगळी शेड हसली. मग वडिलांनी त्याच्या हातात काळा रंग दिला आणि डोळ्यांची आखणी शिकवली. गणपतीचे डोळे ओढणं हे या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. मूर्ती कितीही देखणी असो, डोळा चुकला की संपलं. तिथं रंगाचा प्रश्नच नाही, लागतो तो हात.

‘रंगाची भानगड नको म्हणून तर मी रसायन घेतलं ताई,’ तो म्हणाला. ‘यात एवढे रंग असतात हे मला कोणी सांगितलंच नाय.’

मला हसू फुटलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा उतरला. ‘कंपनीत कळंल काय?’ त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं मी सांगितलं.

आमच्या विभागप्रमुख बाईंच्या कानावर मी हे घातलं. त्या भडकतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, निळा होणारा इंडिकेटर असतो की, तो मागवा, आणि याला उघडपणे द्या, परीक्षेलाही. बाटली आली त्या दुपारी प्रयोगशाळेत मी आणि तो दोघेच. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येऊन टेबलावर पसरलेलं. त्यानं श्वास धरला, तोटी फिरवली, आणि एका थेंबाला चंबूतलं पाणी निळं झालं. त्याला ते दिसलं. मला त्याच्या पाठीवरून कळलं. त्यानं दुसरा चंबू घेतला. मग तिसरा. टेबलाच्या कडेला निळ्या चंबूंची रांग लागली, उन्हात भिंतीवर त्यांच्या फिकट निळ्या सावल्या हलत होत्या. माझी गाडी गेली. मी पुढच्या गाडीनं गेले आणि घरी सांगितलं की कामात उशीर झाला. खरंच होतं ते.

तिसऱ्या वर्षी कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला आली. सुजितची निवड झाली, रेश्माचीही. उरली फक्त डॉक्टरी तपासणी. आदल्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. डॉक्टरकडं ठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यात रंगीत आकडे ओळखावे लागतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आकडे पाठ करून घेणाराही एक जण भेटला होता. मला वाटलं तो सल्ला मागायला आलाय. पण त्याचं ठरलेलं होतं.

‘सांगून टाकणार हाय, ताई. लपवून आत गेलो तर आयुष्यभर कुणाच्या तरी खोकल्यावर जगाय लागंल.’

पहिल्या वर्षी ‘कंपनी’ एवढाच शब्द येत असलेला हा मुलगा. त्याला शाबासकी द्यावी की त्याचं तोंड दाबावं ते मला कळेना. शेवटी मी म्हटलं, जेवून जा.

कंपनीनं त्याला घेतलं नाही. डॉक्टर भला माणूस होता म्हणे. तो म्हणाला, तिथं पाइप रंगावरून ओळखायचे असतात, धोक्याचा दिवा लाल आणि चालूचा हिरवा, तुझ्याच जिवाशी खेळ होईल. सगळं रास्त होतं, आणि रास्त असल्यामुळं रागही कुणावर काढता येईना.

दोन दिवसांनी सुजितचे वडील प्रयोगशाळेत आले. नखांत माती, डोक्याला रुमाल. मी स्टूल दिलं.

‘बाई, डाक्टर इचारायच्या आधीच हा सांगून मोकला. येवढं खरं बोलाय कोनी सांगितलं व्हतं याला?’

‘कोणी नाही सांगितलं,’ मी म्हणाले.

ते बाटल्यांच्या फळ्यांकडे पाहत बसले. ‘आमचा जलम मातीत गेला. याचा तरी शर्ट पांढरा रहावा येवढंच व्हतं. आता काय करंल तो? त्याला डोले काढाय येतात. दुसरं काय येतं?’

मला खूप काही सांगावंसं वाटलं. निळ्या चंबूंची ती दुपार सांगावीशी वाटली. पण बापाच्या त्या चेहऱ्यापुढं ते सगळं पोकळ झालं असतं. मी चहा आणला, त्यांनी तो प्यायला आणि गेले.

त्या जानेवारीतली पोपटी माझी शेवटची. मे महिन्यात मी निवृत्त होणार होते. सूर्य डोंगराआड गेला होता, शेतावर धुक्याचा हात फिरत होता, आणि वाल इतका दाट की आम्ही हिरव्या पाण्यात बसल्यासारखे दिसत होतो. सुजित येणार नाही असं सगळे धरून चालले होते. रेश्मा मडक्याकडे पाठ करून बसली होती. निवड झालेली, पण चार दिवस धड जेवली नव्हती म्हणे. मी माझा प्रश्न एकेकाला विचारत गेले.

‘कंपनीत जाणार, मावशी,’ रेश्मा म्हणाली. ‘दोन वर्षं शिफ्ट करणार, मग पुढचं शिकणार. घरी सांगून टाकलंय, तोवर लग्नाचं नाव काढाचं नाय.’ गाडीत बसायला मिळतं म्हणून आलेली मुलगी ती. हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, पण डोळे रस्त्याकडे होते.

तेवढ्यात बांधावरून सुजित आला. सगळ्यांनी सरकून जागा केली. मी त्यालाही विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण त्याला वगळलं असतं तर ते जास्त लागलं असतं.

‘नाय माहीत, मावशी,’ तो म्हणाला.

मावशी तो पहिल्यांदाच म्हणाला. आणि इतकी वर्षं मी पोरांना हा प्रश्न विचारत आले, पण तिसऱ्या वर्षी इतक्या शांतपणे ‘माहीत नाही’ म्हणणारा दुसरा आठवत नाही. त्या उत्तरात मामा नव्हता, शेजारचा दादा नव्हता, बसमधून उतरणारी माणसं नव्हती. मला त्याची काळजी वाटली आणि त्याच वेळी, का कोण जाणे, थोडं हायसंही वाटलं.

पोपटी झाली की नाही यावरून वाद सुरू झाला. कोणी मोबाइलचा उजेड मडक्यावर टाकून पाहू लागलं. सुजित उठला, ओंजळीत पाणी घेतलं, मडक्यावर शिंपडलं आणि कान देऊन उभा राहिला. ‘नाय झाली.’ थोड्या वेळानं पुन्हा शिंपडलं. पाणी चर्र होऊन तिथल्या तिथं उडालं. ‘आता काढा.’ मडकं सुलटं केल्यावर भांबुर्डीचा वास सगळ्या शेतावर पसरला. पहिली गरम शेंग सोलून त्यानं रेश्मापुढं धरली. ‘खा गो. खोक नको फक्त.’ ती रडत हसली, आणि मग जेवली.

त्या पोपटीला आता काही वर्षं झाली. यंदाच्या श्रावणात मी पाट घेऊन पेणला गेले. आमच्याकडे गणपतीचा पाट आधी कारखान्यात नेऊन द्यायची रीत आहे, मूर्ती त्यावरच घरी येते. इतकी वर्षं आमचा पाट रोह्यातच जायचा. यंदा मी तो मांडीवर घेऊन गाडीत बसले, आणि कितीतरी दिवसांनी जागेपणी कासू पाहिलं.

शेडमध्ये ओल्या रंगाचा वास. पिवळी पितांबरं, लाल शेले, रांगाच रांगा, आणि सगळ्या मूर्ती अजून डोळ्यांविना. सुजित खाली बसून आखणी करत होता. सकाळी नागोठण्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, दुपारी इथं. पहिल्या तासाला रंगीत पाण्याच्या बाटल्या मांडतो आणि पोरांना सांगतो, ज्याला जे दिसतं ते सांगा, कोणी हसायचं नाय. गेल्या वर्षी एक मुलगी सापडली, मावशी, तो म्हणाला. मुलीला असं क्वचितच असतं. तिला आजवर सगळे आळशी समजत होते.

बोलता बोलता माझी नजर शेडच्या टोकाला गेली. तिथं एका फळीवर काही मूर्ती वेगळ्या ठेवलेल्या. पितांबर पांढरं आणि खांद्यावर निळा शेला. गडद निळा नाही, आकाशी नाही. मी तो निळा ओळखला.

‘त्या कुणाच्या रे?’

‘माझ्या. बाबा बोलले, तुला जो दिसतो तो तू रंगव, बाकीच्या रंगांना आमी हाव.’

वडील पलीकडे माती मळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबला.

‘लोक घेतात?’ मी विचारलं.

‘काही घेतात, काही नाय घेत.’

मी पाट त्या फळीखाली ठेवला. सुजितनं त्यातली एक मूर्ती उतरवली, उजेडाकडे वळवली आणि ब्रश काळ्यात बुडवला. श्वास धरला. मीही धरला, सवयीनं. रेघ पुरी झाली आणि गणपतीनं माझ्याकडं पाहिलं.

चतुर्थीला शेजारच्या वहिनी दर्शनाला आल्या. हात जोडले, मग जरा वाकून बघितलं. ‘निळा शेला गो यंदा? लाल नाय मिळाला?’

‘लाल होते ढीगभर,’ मी म्हणाले. ‘पण हा माझ्या मुलाला दिसतो.’

वहिनींना काही कळलं नाही. मला मूल नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी प्रसाद घेतला, आणि मी दिव्याची वात जरा पुढं सरकवली.